ओटीतला नारळ

लंकाबाईला आपली धाकटी जाऊ आवडत नव्हती, आणि ही गोष्ट तिने कधी झाकून ठेवली नाही. बाईने झाकायचं ते डोकं, मन कशाला झाकायचं, असा तिचा खाक्या होता. विजयमाला लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून ती लंकाबाईच्या डोळ्यांत सलत होती. तिचं हसणं मोठं, चालणं भरभर, आणि डोक्यावरचा पदर तर घटकाभर डोक्यावर राहील तर शपथ. वर देवाचा न्याय बघा. लंकाबाईची कूस त्याने उभ्या जन्मात उजवली नाही, आणि या बेशिस्त बाईच्या पदरात मात्र बघता बघता मुलगा टाकला. देवाला अक्कल नसते असं लंकाबाई कुणाजवळ बोलली नाही, पण तिचं तसं पक्कं मत झालं होतं.

मग विजयमालेचा नवरा गहिनीनाथ विहिरीचं काम करताना सुरुंगात सापडला आणि गेला. लंकाबाई दिरासाठी मनापासून रडली. डोळे कोरडे झाल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या पोराचा. गोरक्ष तेव्हा नुकता चालायला लागला होता. पोरगं आपल्याला घ्यायचं, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

नवरा श्रीमंत नगरला एका वकिलाकडे कारकून होता. नावाने श्रीमंत, बाकी सगळं बेताचं. वकिलाच्या खुर्चीमागे उभं राहून राहून तो स्वतःला अर्धा वकील समजू लागला होता. गावाकडची शेती त्याचे चुलते सहादेवआबा बघायचे, आणि विजयमाला पोराला घेऊन त्यांच्यापाशी गावातच राहत होती. दिवाळीला गावी गेल्यावर श्रीमंतने भावजयीजवळ सरळ विषय काढला. पोर आम्हाला दत्तक दे, शहरात शिकेल, त्याचं कल्याण होईल. विजयमाला चुलीपुढून उठली सुद्धा नाही.

"जमीन मागा, बैल मागा," ती म्हणाली. "पोरगं न्हाई."

आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाचा कळसहून निरोप आला, की बहिणीला माहेरी पाठवून द्या. काही दिवसांसाठी असं निरोपात म्हटलं होतं, पण लंकाबाई काही दूधखुळी नव्हती. विधवा बाई पोर काखेला मारून माहेरी गेली की ती परत येत नाही, आणि पोर तर नाहीच येत. म्हणजे जे करायचं ते ती माहेरच्या उंबऱ्यावर पोचायच्या आत करायला हवं होतं.

ते कसं करायचं, हे श्रीमंतने काढलं. "कागद काय, मागनं बी हुतो," तो म्हणाला. "खरी गोष्ट निराळीच हाय. आईनं आपल्या हातानं पोर द्यायला पायजे, दुसरीनं ते ओटीत घ्यायला पायजे, आनि चार मानसांनी ते बघायला पायजे. एवढं झालं की मग ती बोंबलत फिरली तरी फिरू दे."

"ती देतीय व्हय आपल्या हातानं?"

"देती. तिला कोकनकडा दाखवू."

बायकोला हे क्षणभर कळलं नाही, मग कळलं, आणि नवऱ्याबद्दल पुष्कळ दिवसांनी तिला आदर वाटला. गहिनीनाथ लग्नाआधी एकदा मित्रांबरोबर घाटघरला गेला होता. तिथे सह्याद्री एकदम तुटतो, खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर लांब समुद्रही दिसतो, असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा. बायकोला तिथे नेईन म्हणायचा. ते राहून गेलं. विजयमालेच्या मनात ती हौस अजून आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय कळस त्याच वाटेवर पडतं. सकाळी नगरहून निघायचं, दुपारी कडा बघायचा, संध्याकाळी येताना तिला माहेरी सोडायचं. कड्यावरून खाली बघायचं तर पोटावर पालथं पडावं लागतं, त्याशिवाय धीर होत नाही. आणि पालथं पडायचं तर काखेतलं पोर कुणाकडे तरी द्यावंच लागतं. आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात तो असा.

यात लंकाबाईने आपल्या पदरची एकच भर घातली. दत्तक घ्यायचं पोर रिकाम्या ओटीत घेऊ नये, ओटीत नारळ आणि तांदूळ असावेत, असं तिच्या माहेरी मानत. वकिलाच्या कायद्याला नारळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण लंकाबाईला होतं. तिने चांगला जड, पाण्याने भरलेला नारळ पाहून घेतला आणि पिशवीत तळाशी ठेवला.

जीप कानिफनाथची होती. तो श्रीमंतचा मित्र, इंजिनं दुरुस्त करायचा. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत ही जीप भाड्याने फिरली होती, आणि उमेदवारांची अर्धवट फाटलेली तोंडं अजून तिच्या अंगावर चिकटून होती. आदल्या दिवशी आबा आणि विजयमाला गावाहून नगरला आले, आणि सकाळी थंडीतच सगळे निघाले. पुढे कानिफनाथ, आबा आणि श्रीमंत. मागच्या बाकांवर दोघी जावा समोरासमोर, आणि मधे विजयमालेचं गाठोडं. गोरक्ष आईच्या मांडीवर. आबांना सगळा बेत सांगितलेला होता आणि तो त्यांना पसंत होता. आपल्या वंशाचं पोर परक्या गावात वाढू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. कानिफनाथला मात्र सहल म्हणूनच सांगितलं होतं.

राहुरी मागे पडेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. वाऱ्याने विजयमालेचा पदर खांद्यावर आला आणि तिने तो तसाच राहू दिला. लंकाबाई ते बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

"पुढं आबा बसल्यात," ती म्हणाली.

"त्यांचं तोंड पुढं हाय."

"मानसाचं तोंड कुटं बी असंल. आपली रीत आपल्यापाशी." लंकाबाईने पाय थोडा पुढे केला. पावलावर चांगला पंजाएवढा भाजल्याचा डाग होता. "ह्यो बघितलास का? मी नवी सून हुते. उकळत्या पान्याचा हंडा उतरवीत हुते आनि दारातनं मामंजी आले. पदर ढळला. मी हंडा सोडला, पदर धरला. समदं पानी पायावर. सासूबाई काय म्हनाल्या ठावं हाय? गोजराबाईच्या घरची सून अशी पायजे, म्हनाल्या. गावात दहा जनींना दाखवला ह्यो डाग त्यांनी."

"नि पाय?"

"पायाचं काय? बरा झाला."

विजयमालेने त्या डागाकडे एकदा बघितलं. "मी हंडा धरला असता," ती म्हणाली, आणि बाहेर बघू लागली.

लंकाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या आयुष्यात शाबासकी म्हणून जी एक गोष्ट मिळाली होती ती या पोरीने अशी उडवून लावली. बोल, काय बोलायचं ते बोलून घे, तिने मनात म्हटलं. संध्याकाळी तुझी काख रिकामी असेल.

संगमनेरला चहासाठी थांबले तेव्हा लंकाबाईने एकदा हात पुढे केले. "आन त्याला जरा. तुजे हात दुखले असतील."

"दुखू द्या."

पुढे शेंडीला भंडारदऱ्याच्या धरणाच्या काठी जेवायला बसले. लंकाबाईने पहाटे उठून धपाटी केली होती, शेंगदाण्याची चटणी होती, दही होतं. विजयमालेने गाठोड्यातून स्वतःची भाकरी काढली, मिरचीचा ठेचा काढला, आणि पाठ करून बसली. गोरक्षने धपाट्याकडे हात केला तर तिने त्याचा हात खाली घेतला आणि त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला.

"इख घातलं न्हाई त्यात," लंकाबाई म्हणाली.

"मी कुटं म्हनले?"

"म्हनायला कशाला पायजे."

आबांनी घसा खाकरला तशी लंकाबाईने धपाट्यांची चवड त्यांच्यापुढे सरकवली. श्रीमंत बोटं चाटत हसला. त्याच्या गळ्यात वकिलाकडून मागून आणलेला डब्याचा कॅमेरा लटकत होता आणि सकाळपासून तो वेळोवेळी त्याच्यावरची धूळ फुंकत होता.

शेंडीच्या पुढचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणायचा म्हणून. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि मधून जीप दगडांवरून आपटत चालली होती. दोघी जावांचे गुडघे एकमेकींवर आदळत होते आणि दोघीही दर वेळी गुडघा असा मागे घेत होत्या की जणू चटका बसला. घाटघरची घरं आली आणि गेली. पुढे चाक जाईना तिथे कानिफनाथने जीप उभी केली, आणि सगळे वाळलेल्या गवतातून पायी निघाले.

कडा असा एकदम आला की लंकाबाई जागच्या जागी थांबली. तिला वाटलं होतं, डोंगर हळूहळू उतरत असेल. इथे उतरणं वगैरे काही नव्हतं. काळा कातळ पुढे पुढे जात होता, थोडा पुढच्या अंगाला कललेला, आणि मग नव्हताच. त्याच्या पलीकडे हवा. फार खाली झाडी, त्यात रुमालाएवढी शेतं, दोऱ्यासारखी एक नदी. आणि त्या खोलातून वारा वर येत होता. इतर ठिकाणी वारा समोरून येतो नाहीतर मागून येतो, हा पायांखालून येत होता. कानिफनाथने गवताची मूठ उपटून खाली टाकली, तर ती त्याच्या डोक्यावरून मागे येऊन पडली. तो पोरासारखा हसला.

"ती बघा, ती चकाकतीय ती रेघ," तो म्हणाला. "समुद्र."

"धुरकट हाय ते," आबा म्हणाले.

"आबा, समुद्रच हाय."

"मी सांगतो धुरकट हाय."

विजयमाला पोराला काखेला घेऊन मागेच उभी होती. पण तिची मान लांब झाली होती. लंकाबाईने ते हेरलं. सकाळपासून दगडासारखं असलेलं ते तोंड आता वेगळं दिसत होतं, ओठ थोडे उघडे, नवऱ्याने सांगितलेलं एकेक ताडून बघत असल्यासारखं. लंकाबाईला क्षणभर तिची दया आली आणि तिने ती मुकाट्याने गिळली.

कातळाच्या कडेपासून सातआठ हात अलीकडे ती मांडी घालून बसली. पदराचा शेव पुढे घेऊन तिने त्याची ओटी केली, पिशवीतून हळूच नारळ काढून तीत ठेवला आणि वर चिमूटभर तांदूळ टाकले. आबा तिच्या समोर, जरा बाजूला, काठीवर हात ठेवून बसले. श्रीमंत कॅमेऱ्यात डोळा घालून मागे सरकला. कानिफनाथ कडेला पालथा पडून खाली बघत होता.

"या वहिनी," तो तिथूनच ओरडला. "असं पालथं पडून बघा, भ्या वाटत न्हाई. पार तळ दिसतोय."

विजयमाला दोन पावलं पुढे आली. पोर काखेत. पुन्हा थांबली.

"पोरगं घेऊन कसं बगशील?" लंकाबाई शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "आन हिकडं. बग आनि घे."

विजयमालेने तिच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, खाली पसरलेल्या कोकणाकडे बघितलं. लंकाबाईने ओटीची कड हळूच नारळावर ओढून घेतली. मग विजयमाला वाकली, आणि दिवसभर जे पोर तिने कुणाला शिवू दिलं नव्हतं ते तिने दोन्ही हातांनी लंकाबाईच्या ओटीत ठेवलं.

"घट धरा," ती म्हणाली.

मागून कॅमेऱ्याचा खटका वाजला. विजयमालेला तो वाऱ्यात ऐकू आला नाही. ती कडेला जाऊन पालथी पडली, कोपरांवर सरकत पुढे गेली, आणि तिचं डोकं कातळाच्या कडेपलीकडे गेलं.

लंकाबाईच्या ओटीत पोर होतं. तिने त्याच्या पोटाला दोन्ही हातांनी विळखा घातला. पोराच्या जावळाला भाकरीचा आणि उन्हाचा वास येत होता. कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. झालं, तिच्या मनात आलं, माझं झालं. गोरक्षला मात्र तिचं काही पडलेलं नव्हतं. बुडाखाली काय टोचतंय म्हणून त्याने हात घातला होता आणि त्याला नारळ सापडला होता.

तेवढ्यात खालून वारा आला. आधीच्यासारखा नाही, चांगला मोठा, धुळीसकट, आणि लंकाबाईच्या डोक्यावरचा पदर त्याने एका झटक्यात मागे उडवला. समोर चुलतसासरे बसलेले. तिने काही ठरवलं नाही. तिचे दोन्ही हात पोरावरून उठले आणि डोक्याकडे गेले. तिने पदर गच्च धरून खाली ओढला, तशी त्याच पदराची केलेली ओटी सुटली. नारळ बाहेर पडला आणि कललेल्या कातळावरून घरंगळत निघाला. आणि गोरक्ष, आपलं खेळणं पळालं म्हणून खिदळत, त्याच्यामागे धावला.

श्रीमंत ओरडला. आबांची काठी पडली. कानिफनाथ उठेपर्यंत पोर त्याच्या बाजूने पुढे गेलं होतं. लंकाबाई जिथे होती तिथेच बसलेली, हात डोक्यावर.

विजयमालेने प्रथम नारळ आपल्या बाजूने जाताना बघितला. तो कडेवरून गेला. मग तिला पावलं ऐकू आली. ती पडल्या पडल्याच कुशीवर वळली आणि हात फेकला. पोराचा घोटा तिच्या मुठीत आला. पोर तोंडावर आपटलं, त्याचा एक हात कडेच्या पलीकडे गेला, आणि दुसऱ्या क्षणी तिने त्याला पायाने ओढून स्वतःखाली घेतलं होतं. कातळावर ती त्याच्यावर पाखर घालून पडली. तिचं लुगडं धुळीत, केस सुटलेले, पदराचा पत्ता नव्हता. नारळ खाली पडल्याचा आवाज शेवटपर्यंत आला नाही.

किती वेळाने ती उठून बसली कोण जाणे. पोराचा ओठ फुटला होता आणि ते किंचाळत होतं. तिने त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबलं आणि लंकाबाईकडे बघितलं.

"तुमचे हात कुटं हुते?"

लंकाबाईने हात खाली घेतले. तिला तेव्हा कळलं की ते अजून डोक्यावरच होते.

"आनि नारळ कुटला?" विजयमाला म्हणाली.

तिने लंकाबाईच्या मांडीवर सांडलेले तांदूळ बघितले. श्रीमंतच्या हातातला कॅमेरा बघितला. आबांनी नजर वळवली ती बघितली. तिला सगळं कळलं, आणि कळलं हे तिच्या तोंडावर दिसलं. ती ओरडली नाही, रडली नाही. पोराला खांद्यावर टाकून ती सगळ्यांच्या मधून जीपकडे चालायला लागली. आबांच्या पुढून गेली तरी तिने पदर डोक्यावर घेतला नाही.

परतताना आबा मागे बसले. पुढच्या सीटवर कंबर धरते, म्हणाले. ते लंकाबाईच्या समोर, विजयमालेच्या बाकावर, पण तिच्यापासून हातभर लांब. गोरक्ष हुंदके देत देत झोपला. लंकाबाईला त्याचा सुजलेला ओठ दिसत होता, आणि न दिसावा म्हणून कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं. पावलावरचा डाग खाजत होता. इतक्या वर्षांत तो कधी खाजला नव्हता.

अकोले मागे पडलं तसा श्रीमंत पुढून वळला.

"हे बग विजयमाला," तो वकिली आवाज काढून म्हणाला, "जे झालं ते वाईट झालं, पन पोराला काय झालं न्हाई. आता सरळ सांगतो. पोर तू तुज्या हातानं दिलंस, हिनं ओटीत घेतलं, ओटीत नारळ हुता, चौघांनी बघितलं. फोटो बी हाय. तू खुशाल म्हायेरी जा. पोरगं आमच्यासंगं नगरला येनार."

"हात लावून बगा," विजयमाला म्हणाली. तिने पोराला अधिकच आवळून धरलं.

"मी कशाला हात लावू? कायदा लावंल." त्याने कानिफनाथकडे बघितलं. "काय रे कानिफ, बघितलंस ना तू?"

"मी पोरगं पळताना बघितलं," कानिफनाथ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "बाकी मला इचारू नको."

"आबा, तुमी सांगा."

आबांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. असं ठेवून ते बोलले की भावकीत त्यांचा शब्द शेवटचा धरत.

"बघितलं की," ते म्हणाले. "धाकलीनं दिलं, थोरलीनं घेतलं. समदं बघितलं. आनि लंकाचं बी बघितलं. एवढा वारा, एवढा गोंधळ, पर पोरीनं डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई. हिची सासू गोजरा आज असती तर पाठ थोपटली असती. ह्याला मर्यादा म्हनत्यात. न्हाईतर ही. चार बाप्यांपुढं उघड्या डोक्यानं धुरळ्यात लोळली. असल्या बाईच्या हाती कुळाचं पोर ठिवायचं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबांनी लंकाबाईची स्तुती कधी केली नव्हती. चहा बरा झाला एवढंही कधी म्हणाले नव्हते. सासूच्या त्या एका शाबासकीवर ती इतकी वर्षं काढत आली होती आणि दुसरी कधी मिळेल याची वाट बघत होती. ती आज मिळाली. लंकाबाईला असं वाटलं की कुणीतरी तिच्या तोंडावर थुंकलं. पोर कड्याकडे पळत असताना हा म्हातारा तिच्या डोक्याकडे बघत होता. आणि ती सुद्धा, त्याच्यासाठी, आपलं डोकंच सांभाळत बसली होती. समोर बसलेली ही नको असलेली बाई तिथे पालथी पडलेली नसती, तर आत्ता या जीपमध्ये काय आणलं असतं त्यांनी?

तिने डोक्यावरचा पदर काढला. झटक्याने नाही, सावकाश, आणि खांद्यावर टाकून दिला.

आबा आधी गोंधळले, मग त्यांनी मान फिरवली.

"म्या घेतलं न्हाई," लंकाबाई म्हणाली.

"काय?" श्रीमंत म्हणाला.

"पोर म्या घेतलं न्हाई. तिनं घटकाभर धरायला दिलं, ते बी मला धरता आलं न्हाई. ज्याला घेतलं म्हनत्यात त्याला मानूस सोडत न्हाई. म्या सोडलं. कचेरीत इचारलं तर हेच सांगनार. फोटो दावा न्हाईतर काय बी दावा."

"लंके, तोंड सांबाळ. आनि पदर घे आदी."

"न्हाई घेत."

श्रीमंतने आबांकडे बघितलं. आबा बाहेर बघत होते. ज्या बाईच्या ओटीसाठी हा सगळा घाट घातला तीच ओटी नको म्हणते म्हटल्यावर फोटोचाही काही उपयोग उरला नव्हता. श्रीमंत पुन्हा पुढे वळला आणि कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत बसला. घरी गेल्यावर काय होणार हे लंकाबाईला त्याच्या मानेवरूनच कळलं.

"उपकार करताय व्हय?" विजयमाला हळू, पण धारदार आवाजात म्हणाली.

"तुज्यावर? तू मला आज बी आवडत न्हाईस."

"मला बी तुमी."

"बरं झालं," लंकाबाई म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. दिवसभरात हे एकच बोलणं सरळ झालं होतं.

कळसच्या फाट्यावर कानिफनाथने जीप थांबवली तेव्हा सूर्य बुडाला होता. उसाच्या कडेने गावाकडे जाणारी पायवाट दिसत होती. जीपचं मागचं फळकूट खाली पडलं. लंकाबाई त्याच्याजवळ बसली होती, म्हणून ती आधी खाली उतरली आणि वळून उभी राहिली. जीप उंच होती. पोर घेऊन उतरणाऱ्या बाईने पोर आधी खालच्या बाईच्या हातात द्यावं आणि मग उतरावं, असं सगळ्या करतात. लंकाबाईने न ठरवताच दोन्ही हात वर केले.

विजयमाला कडेला येऊन थांबली. तिने त्या हातांकडे बघितलं. मग तिने पायाजवळचं गाठोडं उचललं आणि त्या हातांवर ठेवलं. झोपलेल्या पोराला एका हाताने खांद्याशी धरून, दुसऱ्या हाताने जीपचा लोखंडी दांडा पकडून, पायाने जमीन चाचपत ती अंगाला हिसके बसत धडपडत एकटीच उतरली. लंकाबाई गाठोडं घेऊन बाजूला उभी राहिली.

"आना," खाली उतरल्यावर विजयमाला म्हणाली, आणि मोकळा हात पुढे केला.

गाठोडं तसं हलकंच होतं. लंकाबाईने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्या हातात दिलं, आणि तिने ते नीट धरलं याची खात्री झाल्यावरच सोडलं.